सालीचं आच्छादन: खोडापासून चार बोटं लांब

आधी तण उपटा, वाफा भरपूर भिजवा, मगच झाडाच्या सालीचे तुकडे पसरा. कोरड्या मातीवर टाकले तर हलकी सर वरच्यावर अडते आणि मुळं तहानलेलीच राहतात. थर 5 ते 7 सेंटिमीटरचा. चौरस मीटरला 5 सेंटिमीटरसाठी 50 लिटर माल लागतो.

खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी हवीच. तिथे ढीग झाला की पावसाळ्यात बुंधा कुजतो. जास्वंद वरून हिरवीगार दिसते, पण बुंध्याशी नखाने खरवडलं की आत तपकिरी लगदा!

तुकडे मातीत मिसळू नका. त्यांना कुजवणारे जिवाणू नत्र ओढून घेतात, पानं पिवळी पडतात. पांढरे बुरशीचे धागे दिसले तर दिसू देत. वाळवी मात्र खरी डोकेदुखी, म्हणून घराच्या भिंतीपासून हातभर लांबच. आणि वखारीतून आणताना प्लायवूडचा चुरा नको.