दोन दिवसांचा ‘जुना’ झटका

गेल्या वर्षी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. तालुक्यातल्या रुग्णालयात ईसीजी, दुसऱ्या दिवशी शहरात अँजिओप्लास्टी, पाचव्या दिवशी घरी, हे सारे सुरळीत पार पडले. अडले ते विम्याच्या दाव्यावर.

आजार पॉलिसी घेण्यापूर्वीचा असल्याने दावा नामंजूर, असे पत्र आले. पॉलिसीचे दुसरेच वर्ष होते आणि वडिलांना त्याआधी साध्या रक्तदाबाचीही गोळी नव्हती. दाव्याच्या अर्जाचा ‘भाग ब’ रुग्णालय भरते. त्याची प्रत मागवली, तेव्हा निदानाच्या रकान्यात ‘आय२५.२’ दिसले. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा कोड पूर्वी येऊन गेलेल्या झटक्याचा आहे. वडिलांचा झटका ताजा आणि हृदयाच्या खालच्या भिंतीचा, म्हणजे आय२१.१.

मेडिकल रेकॉर्डच्या खिडकीवर मी चार खेपा घातल्या. “आमच्याकडे आले तेव्हा झटका येऊन गेला होता ना? मग तो जुनाच,” हे तिथल्या गृहस्थांचे ठाम मत. डिस्चार्ज कार्डावर ‘हिस्टरी’ या शब्दापुढे आदल्या दिवशीचा झटका नोंदला होता, त्या शब्दाने घात केला. वास्तविक झटक्यापासून चार आठवड्यांपर्यंत तो तीव्र, म्हणजे ताजाच धरायचा, मग रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात का हलवला असेना. त्या २८ दिवसांत पुन्हा झटका आला तर त्याला आय२२ असा वेगळा कोड आहे. तिसऱ्या खेपेस मी या नियमाचे पान छापून नेले. त्यांनी ते चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचले आणि “डॉक्टरांची सही आणा” म्हणाले. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस ओपीडीत बसत. सहीला मिनिटही लागले नाही, तिच्यासाठी मात्र मी सव्वातीन तास बाकावर होतो.

पहिल्या रुग्णालयाच्या रेफरल चिठ्ठीवर दुखणे सुरू झाल्याची तारीख आणि वेळ असायलाच हवी. आमच्याकडे ती होती म्हणून निभावले. ईसीजीची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी, कारण तो कागद उष्णतेने छापलेला असतो आणि फिका पडतो. आणि हे खरे तर आधी सांगायला हवे होते: भाग ब विमा कंपनीकडे जाण्यापूर्वीच त्यातला कोड डिस्चार्ज कार्डाशी ताडून पाहावा.

चौथ्या खेपेस त्यांनी ‘आय२५.२’ वर आडवी रेघ मारली, वर ‘आय२१.१’ लिहिले, शिक्का उमटवला आणि म्हणाले, “एवढंच होतं तर आधी सांगायचंत.”