प्रकाशवर्षं माफ, पाना नाही

नवी विज्ञानमालिका आली की नाशकात तिचा निकाल दुसऱ्या दिवशी सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळच्या चहाच्या टपऱ्यांवर लागतो. यान प्रकाशाच्या वेगाला मागे टाकून दुसऱ्या दीर्घिकेत पोचलं तरी कुणाची हरकत नसते. खेळाचा तो नियमच. पण यानाबाहेर तरंगणारा नायक पान्याने निवांत बोल्ट आवळताना दिसला, की बोलणी सुरू. पायाला आधार नसेल तर बोल्टाऐवजी नायकच उलटा फिरेल! खऱ्या अंतराळवीरांचे पाय म्हणूनच आधी अडकवून घेतात.

ओझरच्या विमान कारखान्यात हात बसलेल्या माणसाची तक्रार याहून बारीक. हादऱ्याने बोल्ट सैल होतो, म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून लॉकवायर ओवून पीळ देतात आणि ती आवळण्याच्या दिशेलाच ओढ धरेल अशी बांधतात. इंजिन जवळून दाखवायचं आणि वायर उलटी ओढायची, म्हणजे सैल व्हायला मदतच.

आतल्या माणसांना वजन जाणवावं म्हणून चाकासारख्या फिरणाऱ्या अंतराळ स्थानकाचा हिशेब तर घरबसल्या करता येतो. एका फेरीला किती सेकंद लागतात ते मोजा, त्याचा वर्ग करून चारने भागा. पृथ्वीइतकं वजन हवं तर चाकाची त्रिज्या साधारण तितके मीटर हवी. 30 सेकंदांची फेरी असेल तर 225 मीटर. पडद्यावर मात्र 25 मीटरचं चाक डौलात, सावकाश फिरतं आणि आत मंडळी ताठ चालतात. तेवढ्या चाकाला दर 10 सेकंदांनी एक फेरी मारावी लागेल. शिवाय इतक्या लहान चाकात उभ्या माणसाच्या डोक्याला पायांपेक्षा सुमारे 7 टक्के कमी ओढ जाणवेल, मान झटकन वळवली की मळमळेल. नायिका तिथे धावतपळत भांडते! चंद्रावरच्यासारखं हलकं, उड्या मारत चालणं दाखवलं असतं तर लहान चाकही खपलं असतं.

निर्वातातल्या स्फोटाच्या आवाजावरून होणारी ओरड आता शिळी झाली. स्फोटाचा दणका यानालाच बसला आणि कॅमेरा आत असेल तर भिंतींतून हादरा येणारच. यानात सगळे जमिनीवर चालतात, यालाही सूट द्यावी. नटांना तारांवर लटकवणं महाग पडतं. 1966 च्या 'स्टार ट्रेक'मध्ये माणसं झगमगत गायब होऊन ग्रहावर उतरायची, तीही दर भागात यान उतरवून दाखवणं परवडत नव्हतं म्हणून.

मंगळाशी समोरासमोर बोलल्यासारखा व्हिडिओ कॉल मात्र माफ होऊ नये. ग्रह कुठे आहेत त्यावर संदेशाला एका बाजूने 3 ते 22 मिनिटं लागतात. म्हणजे प्रश्नाचं उत्तर 6 ते 44 मिनिटांनी. तेवढ्यात मिसळ मागवून, वर दोनदा रस्सा घेऊन होतो. आई विचारते, "बरा आहेस ना?" आणि पाऊण तास स्क्रीनकडे बघत बसते. पैसा न लागणारा हा प्रसंग पटकथाकाराच्या हातात होता, आणि त्याने तिथे सासू-सुनेसारखी सवाल-जवाबाची फैर झाडली.