वाद्यवृंद होता की नव्हता?

एम.ए.च्या वर्गाला मौखिक इतिहास, म्हणजे लोकांच्या मुलाखती आणि आठवणींतून मांडलेला इतिहास, शिकवताना मी सुरुवातीला सैद्धांतिक लेख देत नाही. आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’ या कॉमिकच्या दुसऱ्या भागातला एक प्रसंग देते. स्पीगलमन वडिलांना, ते जिथे कैदी होते त्या ऑश्विट्झच्या नाझी छळछावणीबद्दल विचारतोय: कैदी कामावर निघायचे तेव्हा फाटकाशी वाद्यवृंद वाजायचा ना? वडील म्हणतात, छे, मला फक्त आमचं रांगेनं चालणं आठवतं. पण तशा नोंदी आहेत, असं मुलगा सांगतो. वडील बधत नाहीत. फाटकाशी पहारेकऱ्यांचं ओरडणं तेवढं ऐकू यायचं, म्हणतात.

आता चित्रं बघा. पहिल्या चौकटीत वाद्यवृंद स्पष्ट दिसतो. पुढे जागा तीच, पण कैद्यांच्या रांगांनी तो झाकून टाकलाय. मागून वाद्यांची टोकं मात्र डोकावतात.

ही टोकं वर्गात कोणाच्या तरी लक्षात येतात आणि मग तास माझ्या हातात राहत नाही. चित्रकारानं वडिलांचं ऐकलं की नोंदींचं? वडिलांना आठवत नाही म्हणून ते खोटं बोलतात असं होतं का? टोकं ठेवणं हा वडिलांचा अवमान आहे का? साक्ष आणि दस्तऐवज यांच्यातला ताण मी व्याख्यानात वर्षानुवर्षं सांगत आलेय, पण त्यावर इतक्या पोटतिडकीनं भांडण कधी झालं नव्हतं. हीच गोष्ट गद्यात एका वाक्यात मावते आणि डोळे तिच्यावरून सहज पुढे सरकतात. इथे दोन्ही दावे एकाच वेळी समोर उभे असतात. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडलं, ते वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. चित्रपटासारखं दृश्य निघून जात नाही. मागे जा, थांबा, पुन्हा बघा.

‘पदव्युत्तर वर्गात चित्रांची पुस्तकं?’ हा प्रश्न अजूनही येतो. ‘माउस’ला 1992 मध्ये पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक विशेष म्हणून मिळालं. निक सुझॅनिस यांनी कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंधच कॉमिकच्या रूपात केला आणि 2015 मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं तो छापला. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तर भावी डॉक्टर आपले अनुभव कॉमिकमधून मांडायला शिकतात.

अर्थात कॉमिक म्हटलं की सगळंच चालतं असं नाही. चष्मेवाले प्राध्यापक उभे आणि त्यांच्या तोंडून निघालेल्या फुग्यात अख्खा परिच्छेद, असलं साहित्य मी वर्गात आणत नाही. तिथे चित्र काढून टाकलं तरी काही बिघडत नाही, मग ते हवं कशाला?

सत्राच्या शेवटी प्रत्येकानं स्वतः घेतलेल्या एका मुलाखतीतून एक पान काढायचं असतं. काडीची माणसं चालतात. चित्रकलेला गुण नाहीत. सोबत एक टिपण लागतं: कुठला क्षण चौकटीत घेतला, कुठला वगळला आणि का. मी गुण देते ते या टिपणाला. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही प्रत्येक चौकटीचं शब्दांत वर्णन करतो. ते लिहिताना वाद्यांची टोकं ‘दिसतात’ म्हणायचं की ‘लपली आहेत’, यावर वर्ग पुन्हा अडतो. सध्या आम्ही दोन्ही लिहितो.