जॉन स्मिथ, मूळ गाव नागपूर

आज भाच्याला लंडन आय दाखवायला नेलं. रांग बघूनच जीव दमला, म्हणून शेजारच्या ज्युबिली गार्डन्समध्ये जरा टेकलो. तिथे ब्राँझचं एक स्मारक आहे. चौथऱ्यावर लिहिलंय, इथून 2100 हून जास्त स्वयंसेवक स्पेनला लढायला गेले, 526 मेले.

इंटरनॅशनल ब्रिगेड, म्हणजे देशोदेशीच्या स्वयंसेवकांची फौज. भाडोत्री शिपाई नव्हेत. खाणकामगार, गोदी कामगार, कवी, बेकार पोरं. स्पेनच्या यादवी युद्धात, सरकार उलथवायला निघालेल्या जनरल फ्रँकोविरुद्ध. फेब्रुवारी 1937 मध्ये पंधराव्या ब्रिगेडची ब्रिटिश बटालियन माद्रिदजवळच्या हारामाच्या टेकड्यांवर उतरली ती सुमारे 600 जणांनिशी. पहिल्या संध्याकाळी निम्मेसुद्धा धड उरले नव्हते.

भाचा म्हणाला, "यात आपलं कोणी नसणार."

आहे की! नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार. रा. स्व. संघाचे पहिले सरकार्यवाह. लंडनला पत्रकारिता शिकायला आले आणि 'जॉन स्मिथ' होऊन याच बटालियनमध्ये शिरले (हे नाव कुणाला पटलं असेल, देव जाणे!). 1938 मध्ये पकडले गेले, बुर्गोसजवळच्या जुन्या मठात कैद भोगली, सुटून परत आले.

भाचा दोन मिनिटं गप्प. मग, "मामा, त्यांना स्पॅनिश यायचं?"

तोवर रांग आणखी लांबली होती.