तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवात ‘थिओडोरा’पासूनच का?

जुन्या हॉलीवुडचे हलकेफुलके प्रेमपट बघायचे तर सुरुवात कुठून करू, असं मला बरेच जण विचारतात. मी दर वेळी एकच नाव सांगते, १९३६ चा ‘थिओडोरा गोज वाइल्ड’. मग पुढचा प्रश्न येतोच, इतके गाजलेले चित्रपट सोडून हाच का?

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातलं लिनफिल्ड नावाचं छोटं गाव. थिओडोरा तिथल्या मानाच्या घराण्यातली. दोन अविवाहित आत्यांनी वाढवलेली, रविवारी चर्चच्या शाळेत मुलांना शिकवणारी. गावचा संपादक आपल्या वर्तमानपत्रात एक गाजत असलेली ‘चावट’ कादंबरी क्रमशः छापायला घेतो आणि साहित्य मंडळातल्या बायका खवळतात. निषेध करायचा म्हणून त्यातले उतारे मोठ्याने वाचले जातात, तेही अगदी मन लावून. ती कादंबरी टोपणनावाने लिहिणारी थिओडोरा तिथेच बसलेली असते. थिओडोरा झालेल्या आयरीन डनचा चेहरा त्या वेळी बघाच. तोवर तिची ओळख रडवणाऱ्या आणि गाण्यांच्या चित्रपटांची होती; विनोदी भूमिका करायला ती तयारच नव्हती. याच भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. कारकिर्दीत एकूण पाच नामांकनं झाली, पुरस्कार मात्र एकदाही नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

न्यूयॉर्कमध्ये तिला पुस्तकाचा चित्रकार मायकल भेटतो. तो तिच्या मागोमाग गावात येतो, गुपित फोडायची धमकी देऊन तिच्याच घरी माळीकाम मिळवतो, आणि शीळ घालत वाफे खणता खणता तिला सांगत राहतो: मोकळी हो, लोकांना घाबरू नकोस. शेवटी ती सगळ्या गावासमोर आपलं प्रेम जाहीर करते. आणि हा पळून जातो!

मला हा चित्रपट प्रिय आहे तो इथून पुढे. मायकलचं लग्न नावापुरतं उरलेलं आहे, पण वडील उपराज्यपाल असल्यामुळे त्यांची मुदत संपेपर्यंत त्याला घटस्फोट घेता येत नाही. म्हणजे मोकळेपणाचे धडे देणाऱ्या त्या शहरी माणसालाही ‘लोक काय म्हणतील’ हीच भीती आहे. मग त्याला सोडवायला थिओडोरा निघते. आपणच ती लेखिका असल्याचं वर्तमानपत्रांना सांगते, भडक कपडे घालून मिरवते, स्वतःहून बदनामी ओढवून घेते. नायकाने शिकवलेला धडा नायिका त्याच्याकडूनच गिरवून घेते. त्या काळच्या प्रेमकथांमध्ये इतकी बरोबरी मला क्वचितच दिसली.

हे सगळं कधीचं, तर हॉलीवुडची आचारसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याचे नियम, १९३४ पासून कडकपणे लागू झाल्यानंतरचं. पुस्तकावर बंदी मागणाऱ्या बायकांची गोष्ट अशा बंधनांत राहून बनली, म्हणून ती मला जास्तच धीट वाटते. दिग्दर्शक रिचर्ड बोलेस्लाव्स्की मॉस्को आर्ट थिएटर या नामांकित रशियन नाट्यसंस्थेच्या परंपरेतला. या चित्रपटानंतर पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तो वारला.

लिनफिल्डच्या बायकांनाही हा चित्रपट खलनायिका करत नाही, हे मला फार आवडतं. शेवटी थिओडोरा गावी परतते तेव्हा काय होतं, ते मात्र मी सांगणार नाही. बघून झाल्यावर आयरीन डनचाच १९३७ चा ‘द ऑफुल ट्रूथ’ लावा.