रोख आहेराची छोटी माटोळी, नोटेला डिंक न लावता

लग्नाच्या हॉलमध्ये पाकिटातला आहेर हातात पडला की लगेच पिशवीत जातो, आणि मागे उरतो तो वहीतला आकडा. परक्या घरी तेवढे पुरे. पण भाचीला, पुतण्याला किंवा नवे घर बांधलेल्या शेजाऱ्यांना रोख द्यायची असेल, तर मी ती माटोळीसारखी बांधून देते. चवथीला गणपतीच्या वर टांगलेली माटोळी, म्हणजे फळेफुले बांधलेली लाकडी चौकट, गोव्यातल्या माणसाला ओळखीची असते, त्यामुळे काही समजावून सांगावे लागत नाही. देवाच्या खऱ्या माटोळीत मात्र नोटा बांधू नयेत, असे माझे ठाम मत आहे. तिथे नारळ, सुपारीचे कातरे म्हणजे घड, चिबूड, आंबाडे आणि रानातून आणलेल्या जिनसांचा मान. ही चौकट वेगळी, हातात मावेल एवढी आणि गृहप्रवेश, मुंज किंवा साखरपुड्याला द्यायची.

एक अट मी कधीच सोडत नाही. नोट जशी आत गेली तशीच बाहेर आली पाहिजे. डिंक, टेप, पिन, स्टेपल, भोक यातले काहीही चालणार नाही. नोटांच्या माळा करू नका, त्यांवर लिहू नका, त्यांना टाचण्या मारू नका, असे रिझर्व्ह बँक लोकांना सांगत आली आहे. 2001 मध्ये तिने बँकांनाही गड्ड्या स्टेपल करणे बंद करायला लावले. तेव्हापासून गड्डीला कागदी पट्टी येते. आपले सगळे कामही त्याच पट्टीवर चालते.

आधी रक्कम आणि रंग ठरवावे. 20 ची नोट हिरवट पिवळी, म्हणून तिची केळी. 10 ची तपकिरी, तिच्या सुपाऱ्या. 200 ची गडद पिवळी, तिचे पिकलेले आंबाडे. 100 ची जांभळट, तिची तेरड्याची फुले. 500 ची नोट करड्या रंगाची आहे, ती या चौकटीत कशातच शोभत नाही. मोठी रक्कम द्यायची असेल तर उरलेली रक्कम 500 च्या नोटांत सरळ पाकिटात घालून सोबत द्यावी. 5,001 रुपयांचा माझा हिशेब असा: 200 च्या 15 नोटांचे 3,000, 100 च्या 10 चे 1,000, 20 च्या 30 चे 600, 10 च्या 40 चे 400 आणि वरचे एक रुपयाचे नाणे. नोटा कोऱ्याच हव्यात. जुनी मऊ पडलेली नोट गुंडाळली तर उलगडून फुलत नाही आणि पट्टीतून निसटते. कोऱ्या लहान नोटा मागायला बँकेत चवथीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर जाऊ नये, तेव्हा सगळ्यांनाच त्या हव्या असतात. बऱ्याचदा 10 ची अख्खी गड्डी घ्यावी लागते. ती 100 नोटांची, म्हणजे 1,000 रुपयांची. उरलेल्या पुढच्या आहेराला कामी येतात.

आता पट्ट्या. साधा ए-फोर कागद घ्यावा, हिरवा मिळाला तर उत्तम. ड्रॉइंगचा जाड कागद गोल वळताना मोडतो. 15 मिलिमीटर रुंद आणि 45 लांब अशा पट्ट्या कापाव्यात. एका कागदातून 84 निघतात आणि लागतात 85, म्हणून दोन कागद जवळ ठेवावेत. 12 मिलिमीटर जाडीच्या स्केचपेनभोवती पट्टी गुंडाळायची, टोके साधारण 7 मिलिमीटर एकावर एक येतात, तेवढ्यालाच फेव्हिकॉलचा पातळ थर लावायचा आणि कडे सरकवून काढायचे. पावसाळ्यात ही कडी रात्रभर सुकू द्यावीत. वरून कोरडी दिसली तरी आतला डिंक ओलसर असतो आणि तोच नोटेला लागतो. घाई असेल तर ग्लू स्टिक वापरावी.

कडी पूर्ण सुकली की मगच नोटा हातात घ्यायच्या. केळ्यासाठी 20 ची नोट पेन्सिलीभोवती अशी गुंडाळायची की 129 मिलिमीटरची लांब नळी होईल. पेन्सिल काढून घ्यायची, नळी कड्यात घालायची आणि बोटे सोडायची. नोट आपोआप उलगडते आणि कड्याला आतून घट्ट बसते. डिंकाची गरजच उरत नाही. सुपारी आणि आंबाड्यासाठी नोट दुसऱ्या बाजूने, म्हणजे लांबीच्या दिशेने गुंडाळली की आखूड, जाडसर नळी होते. नळी वाकवून केळ्याचा बाक आणायचा मोह होतो, तो टाळावा. मधोमध कायमची सुरकुती पडते. त्यापेक्षा कडी टोकाशी सरकवून दहा नळ्या एकत्र बांधल्या की खालची टोके आपसूक पसरतात आणि फणी दिसते. दोरा नेहमी कड्यावरूनच जायला हवा, नोटेवरून नव्हे. आपल्या नोटांचा कागद सुती असतो, बारीक दोरा आवळला की त्यावर खाच उमटते. केळ्याच्या तीन फण्या, सुपारीचे चार कातरे आणि आंबाड्याचे तीन-तीनचे पाच घोस होतात. कातरा बांधताना प्रत्येक सुपारी आधीच्यापेक्षा बोटभर खाली सोडावी, एका रेषेत आल्या तर नुसत्या बिड्यांचा जुडगा वाटतो.

तेरड्याच्या फुलासाठी 100 ची नोट तीन वेळा निम्मी घडी करायची, म्हणजे आठ सारखे भाग पडतात. फूटपट्टी लावून मोजत बसायची गरज नाही. मग त्याच रेघांवर एक घडी आत, एक बाहेर अशी चुणी घालायची, मधोमध लोकरीचा धागा सैल बांधायचा आणि दोन्ही पंख उघडायचे. घडी बोटाने दाबावी, नखाने नाही. दमट हवेत ही फुले सुटून लोंबतात, कारण सुती कागद ओल धरतो. म्हणून चुणी घातलेल्या नोटा रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवून फुले शेवटी, नेण्याच्या दिवशीच बांधावीत.

चौकट सोपी आहे. अर्ध्या इंचाच्या रिपेचे 15 इंची दोन तुकडे आणि त्यांवर आडवे 10 इंची तीन. सांधे सुती दोरीने फुलीसारखे बांधावेत. कुम्याच्या झाडाच्या सालीचा दोर मिळाला तर त्याहून चांगले काही नाही, खऱ्या माटोळीची ओळखच त्या दोरात असते. पण तो ओला असताना बांधतात, म्हणून चौकट आधी वाळवून मग नोटा लावाव्यात. नोटा हलक्या, त्यामुळे पंख्याच्या वाऱ्यावर चौकट गरगरते आणि दोरे गुंततात. मधल्या रिपेला अर्धी करवंटी टांगली की भार येतो, आणि रुपयाचे नाणे ठेवायला जागाही होते. करवंटी उन्हात वाळवून आतले खोबरे पूर्ण खरवडावे, बाहेरून आधी जाड मग बारीक पॉलिश पेपर मारावा. काठापासून 5-6 मिलिमीटर आत 3 मिलिमीटरची तीन भोके पाडावीत. त्याहून काठाजवळ पाडली तर ड्रिल फिरतानाच चीर जाते. चकाकीसाठी खोबरेल लावायचे असेल तर दोन दिवस आधी लावून कोरडे पुसावे, नाहीतर शेजारच्या नोटेवर तेलाचा डाग पडतो.

हळद-कुंकू रिपेला लावावे, नोटांजवळ नको. आंब्याची ताजी पाने आणि रसाची फळेही नकोत. खरे काही हवेच असेल तर चार कोपऱ्यांना चार सुक्या सुपाऱ्या बांधाव्यात, चौकट समतोलही राहते.

नेताना ती टांगून नेऊ नये. साडीच्या खोक्यात आडवी ठेवून प्रत्येक घोसामध्ये कोरा कागद घालावा. वर्तमानपत्राची शाई नोटेला लागते. पावसात खोके वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळावे. आणि कार्याच्या दिवशी हॉलमध्ये न देता आदल्या दिवशी घरी नेऊन द्यावे, तिथे ती टांगता येते आणि पैशांवर घरच्यांची नजर राहते.

पाकिटावर नाव असते, इथे नसते. म्हणून एका चिठ्ठीवर आपले नाव, एकूण रक्कम आणि कशात किती हे लिहून करवंटीत ठेवावे: फणीत 200, कातऱ्यात 100, आंबाड्याच्या घोसात 600, फुलात 100. त्याच चिठ्ठीवर नोट कशी काढायची तेही लिहावे, कारण लोक हटकून कात्री आणतात आणि पट्टीबरोबर नोटेची कड कापली जाते. नळीचे टोक चिमटीत धरून ती गुंडाळल्याच्या दिशेनेच पिळायची, ती बारीक होते आणि कड्यातून अलगद बाहेर येते.