53 नंबर 'थंड' का होता?

ऑफिसात आम्हा सहा जणांचं लॉटरी सिंडिकेट, म्हणजे मिळून तिकीट काढणारा गट, आहे. लंडनला आल्यावर मीही त्यात ओढले गेले आणि 'तू आयटीवाली' म्हणून आकडे काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हणून जुन्या सोडतींवरून 'गरम' (वारंवार निघणारे) आणि 'थंड' (क्वचित निघणारे) आकडे दाखवणारं एक छोटं सॉफ्टवेअर घेतलं.

थंड आकड्यांच्या यादीत 50 ते 59 ओळीने सगळे! मंडळी खूश, आता यांचीच पाळी म्हणे. मला मात्र खटकलं. ब्रिटनची ही लॉटरी नोव्हेंबर 1994 मध्ये सुरू झाली तेव्हा चेंडू 49 होते, ते 59 झाले ऑक्टोबर 2015 मध्ये. म्हणजे जवळजवळ 21 वर्षं 53 चा चेंडू यंत्रातच नव्हता, आणि सॉफ्टवेअर बिचाऱ्याची गैरहजेरी लावत होतं.

'तुमचे आकडे चुकलेत' अशी मेल सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला ठोकली. उत्तर आलं, डेटा अधिकृत आहे. चूक माझीच; इतकं मोघम लिहिल्यावर कोण ऐकेल? दुसऱ्यांदा नीट लिहिलं: कुठली स्क्रीन, काय दिसतं, काय दिसायला हवं. 2015 नंतरच्या सोडती एक्सेलमध्ये मोजून सोबत जोडल्या. मागण्या तीनच. ठरावीक तारखेपासून मोजायची सोय, बोनस बॉलची (सहा आकड्यांनंतर निघणाऱ्या जादा चेंडूची) वेगळी मोजणी, आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो निव्वळ नशिबाने किती वेळा यायला हवा होता तो अंदाज. एका सोडतीत 59 पैकी 6 निघतात, म्हणजे प्रत्येक आकडा साधारण 10 टक्के सोडतींत यायला हवा.

दोन आठवड्यांत पहिल्या दोन सोयी आल्या. तिसरीबद्दल पुन्हा विचारलं तर त्या माणसाने सरळ लिहिलं, 'तो रकाना दाखवला तर हे विकत कोण घेईल?' प्रामाणिकपणा आवडला. तो रकाना मीच एक्सेलमध्ये केला. 53 इतरांसारखाच निघाला.

आता चौथी मागणी पाठवली आहे. जानेवारी 1995 मध्ये एकच जॅकपॉट 133 जणांत वाटला गेला होता. 1 कोटी 60 लाख पाउंडांहून मोठी रक्कम, पण प्रत्येकाच्या हाती सव्वा लाखही नाही. तेव्हा लोक सर्रास निवडतात ते आकडे, उदाहरणार्थ सगळे वाढदिवसाच्या तारखांतले, टाकले तर सॉफ्टवेअरने सावध करावं. जिंकायची शक्यता 4 कोटी 50 लाखांत एक, ती काही बदलत नाही. पण लागलीच, तर वाटेकरी तरी कमी.

उत्तर अजून नाही. 53 मात्र आमच्या तिकिटावर कायम आहे; अकाउंट्समधल्या बाईंचा त्याच्यावर जीव जडलाय.